पोस्टकार्डाला पहारेकरी, मोबाइलला मात्र कुणीच नाही

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ ला रविवार होता आणि गावात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे तिथे आली होती. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. जमावाने या पाच जणांना तीच टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले.

राईनपाड्याचे नाव त्यानंतर दिल्लीपर्यंत गेले. दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले. मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला, हे ठरावीक गंभीर गुन्ह्यांत कंपनीने शोधून द्यावे, अशी सक्ती त्यात आहे. त्याविरुद्ध व्हॉट्सअॅप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एन्क्रिप्शन तोडायला लावले तर आम्हाला भारतातून जावे लागेल, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले.

खान्देशातल्या एका आदिवासी गावात घडलेल्या भीषण घटनेने सुरू झालेली ही चर्चा आता वकिलांची आणि कंपन्यांची होऊन बसली आहे. ती परत आपल्या अंगणात आणायला हवी. पोलिसांनी कंपन्यांकडून माहिती मागावी की नाही, असा माझा प्रश्न नाही. मागावीच. पाच माणसे मारली गेली असतील आणि विष कुठून आले हे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेले असेल, तर ती नोंद न्यायालयापर्यंत पोहोचलीच पाहिजे. मरणाऱ्यांच्या घरच्यांचा तो हक्क आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ती माहिती कोणाच्या सहीने मागितली जाते? किती मागितली जाते? आणि ज्याची ती आहे, त्याला कधी तरी कळवले जाते का?

आता कायदा पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचे कलम ९४ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१. तपासासाठी कागद किंवा वस्तू हजर करा, असा समन्स न्यायालय काढू शकते आणि तसाच लेखी आदेश पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही देऊ शकतो. नव्या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्काची साधने, म्हणजे मोबाइल-लॅपटॉप, हे शब्द स्पष्टपणे घातले आहेत. म्हणजे ठाण्यातील अधिकाऱ्याला वाटले की तपासाला गरज आहे, तर न्यायाधीशाची सही न घेता तो तुम्हाला, मोबाइल कंपनीला किंवा ई-मेल सांभाळणाऱ्या कंपनीला पत्र पाठवू शकतो.

त्याच कलमाच्या शेवटी एक अपवाद आहे. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल यांना हे कलम लागू नाही. त्यांच्यासाठी पुढचे कलम ९५ आहे. टपालातील पत्र तपासासाठी हवे असेल तर ते जिल्हादंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांनाच मागता येते. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षकसुद्धा फार तर टपाल खात्याला ते पत्र शोधून रोखून धरायला सांगू शकतात, पुढचा आदेश वरूनच यावा लागतो. कलम ९६ झडतीच्या वॉरंटचे आहे. टपाल खात्याच्या ताब्यातील वस्तूसाठी असे वॉरंट साध्या न्यायदंडाधिकाऱ्यालाही काढता येत नाही.

ही सोय नवी नाही. १८९८ च्या इंग्रजी अमदानीतल्या संहितेतही ती होती. लोकांची पत्रे वाचण्याची इंग्रज सरकारला हौस कमी नव्हती, तरी टपालाची पिशवी ठाण्यातल्या अंमलदाराच्या हुकमावर उघडता येणार नाही, एवढे भान त्या कायद्यात होते. आणि पोस्टकार्ड म्हणजे काय? जे पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, घरातले सगळे वाचतात. त्याला आजही जिल्हा पातळीवरचा पहारेकरी आहे. ज्या मोबाइलमध्ये बायकोशी झालेले बोलणे आहे, डॉक्टरचे रिपोर्ट आहेत, बँकेचे ओटीपी आहेत, लेकीचे फोटो आहेत, त्याला मात्र कुणी पहारेकरी नाही.

माहिती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा गोंधळ करू नये. एक असते नोंद. सिम कोणाच्या नावावर, कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला किती वाजता फोन गेला, फोन कोणत्या टॉवरजवळ होता. दुसरा असतो मजकूर, म्हणजे प्रत्यक्षात काय बोलले-लिहिले गेले. भारतीय मोबाइल कंपन्या पोलिसांच्या मागणीवर कॉल रेकॉर्ड देतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे अधिकृत यंत्रणेचे लेखी पत्र आल्यावर मध्यस्थ कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची असते. मजकुराचे तसे नाही. मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या आहेत आणि तिथल्या कायद्याने मजकूर वॉरंटशिवाय द्यायला त्यांना मनाई आहे. म्हणून मजकुरासाठी भारताला दोन देशांतील कायदेशीर सहकार्याच्या कराराच्या लांबलचक वाटेने जावे लागते. व्हॉट्सअॅपचे तर पोहोचलेले मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर राहतच नाहीत. पण फोनचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल आणि त्या बॅकअपला एन्क्रिप्शनची वेगळी सोय चालू केलेली नसेल, तर तीच बोलणी दुसऱ्या दाराने कंपनीकडे साठत राहतात. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो. तिथे साठवलेल्या ई-मेलबद्दलचा कायदा १९८६ चा आहे. तो जुना आणि त्रुटींचा आहे, पण त्याचा गाभा असा की मजकूर हवा असेल तर न्यायाधीशापुढे जा, कारण सांगा, वॉरंट घ्या. हे वॉरंट कंपनीला पाठवले जाते. पोलीस सर्व्हरच्या खोलीत घुसत नाहीत, कंपनीचे कर्मचारी मागितलेला भाग काढून देतात. २२ जून २०१८ ला, राईनपाड्याच्या अगदी नऊ दिवस आधी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कारपेंटर खटल्यात ठरवले की माणूस कित्येक दिवस कुठे कुठे गेला याची मोबाइल कंपनीकडची नोंदही साधारणपणे वॉरंटशिवाय घेता येणार नाही. अमेरिकेची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. पाळत ठेवण्याच्या बाबतीत तो देश काही संत नाही. पण आज धुळ्या-जळगावच्या माणसाच्या ई-मेलच्या मजकुराला जे काही संरक्षण मिळते, त्यातला मोठा वाटा परक्या देशाच्या कायद्यामुळे मिळतो, ही गोष्ट आपल्याला खटकायला हवी.

आपल्याकडे तत्त्व नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा, असे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे आदेश याच कसोटीवर रद्द केले आणि ऐकलेले संभाषण नष्ट करायला सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये मोबाइलच्या झडतीसाठी वॉरंटची आणि काळजीपूर्वक जप्तीची पद्धत सांगितली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या एका संस्थेच्या याचिकेवर केंद्राला उपकरणांच्या जप्तीचे नियम करायला सांगितले. तत्त्व वरच्या कोर्टात आहे, आदेशाचे पत्र मात्र खालच्या ठाण्यातून निघते. या दोहोंमध्ये जी पोकळी आहे, त्यात सामान्य माणूस सापडतो.

आणि त्या पोकळीत सगळे सारखे सापडत नाहीत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले. तेव्हापासून आपल्याकडच्या मोहल्ल्यांत पोरांच्या स्टेटसची धास्ती आईबापांना लागून राहिली आहे. ज्याने चुकीचे लिहिले त्याच्यावर कायद्याने कारवाई व्हावी. पण ज्या ग्रुपमध्ये तो होता त्या दोनशे जणांचे नंबर, त्यांची बोलणी, त्यांचे येणे-जाणे हे सगळे एका पत्रावर गोळा होणार असेल, तर तो तपास राहत नाही, ती वस्तीची मोजदाद होते. हे आज मुसलमानांच्या बाबतीत घडेल, उद्या आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांच्या, परवा एखाद्या पाड्यावरच्या आदिवासी कार्यकर्त्याच्या बाबतीत. कायदा नाव पाहून लिहिलेला नसतो, पण तो वापरणाऱ्याला नाव दिसत असते.

"लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरायचे कशाला?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला माझे उत्तर असे की घराचे दार आपण गुन्हा लपवण्यासाठी लावत नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका, अशी ताकीद आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टोह घेत फिरू नका, असे बजावले आहे. हजरत उमर यांची एक गोष्ट आपल्या परंपरेत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून खलिफा भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, मी एक चूक केली, आपण तीन केल्या. टोह घेतलीत, दाराने आला नाहीत आणि परवानगी घेतली नाहीत. खलिफांनी त्याला सोडून दिले. राज्यकर्त्याच्या हातात सत्ता असली तरी त्याने दारानेच आले पाहिजे, हे या गोष्टीचे सार आहे. आपल्या न्यायालयांची भूमिका मात्र उलटी आहे. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात म्हटले आणि ते सूत्र अजून चालते. मग दाराने येण्याचा त्रास कोण घेणार?

त्याच सूरह हुजुरातमध्ये आणखी एक आज्ञा आहे. कुणी खबर आणली तर आधी तिची खातरजमा करा, नाही तर अजाणता कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. राईनपाड्याला याहून नेमके भाष्य कोणते? एकाच सूरहमध्ये अफवेची खातरजमा आणि टोह घेण्याची मनाई या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. आपण मात्र दोन्ही बाजूंनी बेफिकीर आहोत. न वाचता फॉरवर्ड करणारे आपणच असतो आणि पोलिसांचा फोन आला की घाबरून सगळे चॅट पुसून टाकणारेही आपणच असतो. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि निरपराध माणूस असे करतो तेव्हा तो आपल्याच बचावाचा कागद फाडत असतो.

होय, बचावाचा. या विषयाची ही बाजू आपण नेहमी विसरतो. कंपनीकडची नोंद फक्त अडकवत नाही, सोडवतेही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. या खटल्यात २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले गेले, त्यांतील पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. तोवर एक जण तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. या खटल्यात कॉल रेकॉर्डचा वाद वर्षानुवर्षे चालला. स्फोटाच्या वेळी आरोपी कुठे होते हे दाखवू शकणाऱ्या या नोंदी फिर्यादी पक्षाने पुराव्यात आणल्या नाहीत आणि बचाव पक्षाला त्या मागण्यासाठी झगडावे लागले. कंपन्या जुन्या नोंदी कायम सांभाळत नाहीत. त्या वेळीच मागवून जपल्या असत्या तर खरे काय ते लवकर कळले असते, आरोपींनाही आणि ज्यांची माणसे त्या गाड्यांत गेली त्यांनाही. एकोणीस वर्षांनंतर दोन्हीकडच्या घरांना विचारा, इन्साफ कुठे आहे म्हणून.

आपल्या शेजारच्या जालन्यातून याच विषयावरचा महत्त्वाचा निकाल आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्जांच्या वेळेवरून खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात वाद झाला. निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून चालेल का, हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२० मध्ये तिघा न्यायमूर्तींनी सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. त्याच निकालात न्यायालयाने मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांना असाही निर्देश दिला की तपासात कॉल रेकॉर्ड जप्त झाले असतील तर त्या काळाच्या नोंदी वेगळ्या आणि सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे बचाव पक्षालाही उलटतपासणीत त्या मागता येतील. बचाव पक्षालाही, हे शब्द महत्त्वाचे आहेत.

नोंद बदलली गेली तर काय होते, याचाही धडा महाराष्ट्रातच आहे. कोरेगाव भीमा प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये कार्यकर्ते आणि वकिलांच्या घरांतून संगणक जप्त केले. २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने एका आरोपीच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसवली गेल्याचा अहवाल दिला. एनआयएला तो मान्य नाही आणि खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण जप्तीच्या क्षणीच हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या डेटाचा अंगठ्यासारखा ठसा, घेऊन आरोपीच्या हातात दिला गेला तर नंतर अशा वादाला जागा फार कमी उरते. नव्या पुरावा कायद्याच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे, ही चांगली गोष्ट आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे, असे कलम १०५ सांगते. हेही चांगले. पण हे सगळे घरातून फोन उचलला जातो तेव्हाचे. कंपनीकडे पत्र जाते तेव्हा ना पंच असतात, ना कॅमेरा, ना घरमालक.

आणि इथेच सगळ्यांत मोठी फट आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे कलम २०(३) सांगते. याच आधाराने सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले की कागद हजर करण्याचा असा आदेश खुद्द आरोपीला लागू होत नाही. पण तुमचा कागद आता तुमच्या कपाटात नसतोच, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तुमच्याकडून मागितला तर तुम्ही वकिलाकडे जाल. कंपनीकडून मागितला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. कलम ९४ मध्ये तुम्हाला कळवण्याची सक्ती कुठेही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही गुन्ह्याच्या तपासाला मोठी सूट दिली आहे. अमानत दुसऱ्याच्या हाती ठेवली म्हणून ती त्याची होत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही किराणा दुकानदाराला कळते. कायद्याला ते अजून कळायचे आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नाव-पत्त्यापुरती माहिती पोलिसांनी लेखी पत्राने मागावी. पण मजकूर आणि माणसाच्या येण्याजाण्याचा इतिहास हवा असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागावी. त्या आदेशात कोणता नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कशासाठी हे लिहिलेले असावे. 'सर्व डेटा' हे दोन शब्द चालू नयेत. मूल हरवले असेल, जिवावर बेतले असेल, तर पोलिसांनी थांबू नये. लगेच माहिती घ्यावी आणि ४८ तासांत न्यायालयाला कारण सांगावे. तपास संपल्यावर ज्याची माहिती घेतली त्याला कळवावे. आरोपीच्या वकिलाने मागितले तर त्याच नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवण्याचा आदेश मिळावा. आणि प्रत्येक जिल्ह्यातून वर्षभरात अशी किती पत्रे गेली, हा आकडा तरी जाहीर व्हावा.

यावर कुणी म्हणेल, दंडाधिकारी काय, समोर येईल त्यावर सही करतील. काही करतीलही. पण सही करताना कारण लिहावे लागते आणि लिहिलेल्या कारणाला वरच्या कोर्टात आव्हान देता येते. न लिहिलेल्या कारणाशी भांडणार कसे? कुणी म्हणेल, यात वेळ जाईल. धुळ्याच्या न्यायालयातून पोलीस ठाणे काही कोसांवर नाही आणि आदेश ऑनलाइन काढण्याची सोय नव्या संहितेतच आहे. मजकूर मागायचा झाला तर अमेरिकेच्या वाटेला किती वेळ लागतो, त्यापुढे हा वेळ काहीच नाही.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. ठाण्यातून फोन मागितला गेला तर लेखी आदेश मागावा, पंचनाम्याची प्रत घ्यावी, हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगावे, वकिलाशी बोलावे, नम्रपणे आणि न घाबरता. हे हक्क मागणे म्हणजे पोलिसांशी वैर नाही. नीट घेतलेला पुरावा पोलिसांच्याच केसला टिकवतो. पोरांना सांगावे की बॅकअप कुठे जातो ते बघा. आणि कोणतीही खबर पुढे पाठवण्याआधी हुजुरातची ती आज्ञा आठवा.

राईनपाड्यात मेलेली पाच माणसे आपल्यासारखीच गरीब होती. त्यांच्या नावाने जो कायदा कडक होईल, तो जमावाला पकडण्यासाठी व्हावा. उद्या त्यांच्याच पालावर कुणाचा तरी फोन उचलून नेण्यासाठी नव्हे.